कापलेल्या डीव्हीडीतला 'स्पेक ऑप्स: द लाइन': आपल्याकडे नक्की काय पोहोचलं?

पऱ्हाटी (धागाकर्ता), वणी

नमस्कार मंडळी. पुढे या गेमची सगळी कथा येणार आहे, शेवटासकट. ज्यांना अजून खेळायचा आहे त्यांनी इथेच थांबा. आणि कृपा करून इथे चोरीच्या प्रतीसाठी लिंक, टोरंट, क्रॅक मागू नका, देऊ नका. धागा त्यासाठी नाही.

'स्पेक ऑप्स: द लाइन' हा युद्धाचा व्हिडिओ गेम जून 2012 मध्ये आला. बर्लिनच्या यागर स्टुडिओने बनवला, टूके कंपनीने विकला. जानेवारी 2024 च्या शेवटी स्टीमवर, म्हणजे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावर, त्याची विक्री बंद झाली. गेममध्ये वापरलेल्या काही गोष्टींच्या परवान्यांची मुदत संपत आली, हे कारण कंपनीने दिलं. ज्यांनी आधी विकत घेतला त्यांच्या खात्यात तो आजही आहे, उतरवताही येतो. पण आज एखाद्या पोराने खिशात पैसे घेऊन रीतसर विकत घ्यायचा म्हटला तर दुकानाचं दारच बंद आहे.

म्हणजे नव्या माणसासाठी उरली ती चोरीची प्रत. आणि आपल्या भागात ती चोरीची प्रत कशी फिरली यावर मला बोलायचं आहे. कारण माझं ठाम मत आहे की आपल्याकडच्या बहुतेकांनी हा गेम खेळलाच नाही. खेळल्यासारखं वाटलं फक्त.

आपल्याकडे त्या काळात गेम यायचा तो तालुक्याच्या दुकानातून. पांढऱ्या डीव्हीडीवर मार्करने नाव लिहिलेलं, प्लास्टिकच्या पातळ पाकिटात. मूळ गेम सहा जीबीच्या आसपास. साध्या डीव्हीडीत मावतात 4.7 जीबी. मग तो एका तबकडीत बसवायचा कसा? काहीतरी कापून. बंदुका, नकाशे, शत्रू कापले तर गिऱ्हाईक परत येऊन भांडेल. म्हणून कापले जायचे ते गोष्ट सांगणारे मधले व्हिडिओ. आवाज दाबून दाबून पातळ केलेले. काही प्रतींत इंग्रजी संवादच नव्हते, रशियन होते.

दुसऱ्या एखाद्या गेममध्ये याने फारसं बिघडलं नसतं. या गेममध्ये सगळा जीवच तिथे आहे.

कथा थोडक्यात सांगतो. वाळूच्या वादळांनी दुबई गाडली गेली आहे. कर्नल कॉनराड नावाचा अमेरिकन अधिकारी आपली पलटण घेऊन लोकांना बाहेर काढायला थांबला आणि नंतर त्याचा काही पत्ता नाही. कॅप्टन वॉकर आणि त्याचे दोन साथीदार, अ‍ॅडम्स आणि लुगो, यांना पाठवलंय ते एवढ्यासाठीच की जा, कोणी जिवंत आहे का बघा, बाहेर या आणि रेडिओवर कळवा. वॉकर बाहेर येत नाही. तो पुढे पुढे जात राहतो. प्रत्येक पावलाला लोक मरतात आणि प्रत्येक वेळी तो म्हणतो की माझ्यापुढे दुसरा मार्गच नव्हता.

आठव्या प्रकरणात तो पांढऱ्या फॉस्फरसच्या तोफगोळ्यांचा वापर करतो. आपल्याला दिसतो तो वरून घेतलेला काळापांढरा पडदा, त्यावर हलणारे पांढरे ठिपके. बटण दाबायचं, ठिपके विझतात. त्या पडद्याच्या काचेत वॉकरचा स्वतःचा चेहरा धूसर दिसत असतो, ठिपक्यांच्या वर. मग खाली उतरून त्या धुरातून चालत जावं लागतं. पळता येत नाही. जळालेले सैनिक रांगत असतात. आणि टोकाला कळतं की ठिपक्यांचा तो शेवटचा दाट पुंजका म्हणजे सैनिक नव्हते. त्या सैनिकांनी आसऱ्याला आणलेली सामान्य माणसं होती. एक आई, हाताने लेकराचे डोळे झाकलेली.

आमच्या गावात फिरलेल्या प्रतीत ठिपके होते. बटण होतं. नंतरचा व्हिडिओ नव्हता. पडदा काळा व्हायचा आणि थेट पुढची लढाई सुरू. पोरं म्हणायची, मस्त मिशन आहे.

शेवटाचंही तेच. रेडिओवर वॉकरला डिवचणारा कॉनराड कधीचाच मेलेला असतो. तो आवाज वॉकरच्या डोक्यात असतो. हे समजतं ते शेवटच्या दृश्यांतून. ती कापली की उरतो एक साधा बंदुकीचा खेळ, ज्यात एक गोरा कॅप्टन वाळूत माणसं मारत सुटलाय. म्हणजे जो खेळ असल्या खेळांची झाडाझडती घेण्यासाठी लिहिला गेला, तो आपल्याकडे नेमका तसलाच होऊन पोहोचला.

तुमच्याकडची प्रत कशी होती? कोणाकडे पूर्ण होती? मला मनापासून जाणून घ्यायचं आहे.

संगणकवाला, दर्यापूर

भाऊ, धागा लय कामाचा काढला. मी दुकानवाला हावो, मंग मीच सांगतो काय होत होतं ते.

आमच्याइकडे 2012 साली नेट म्हंजे बीएसएनएलचं. रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोड फुकट असलेला प्लॅन होता. रात्री दोनले उठून लावाचं अन् लाइन गेली का सारं पाण्यात. लाइन तं जायचीच. त्याच्यानं सहा जीबीचा गेम कोनी उतरवत नोतं, जो लहान भेटन तोच उतरवत होते. लहान म्हंजे कापलेला. वरून कापूनच येत होता, दुकानदार काई कापत नोता. त्याले कायले कापलं हेबी मालूम नोतं.

2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं अन् डीव्हीडीचा धंदा बसला. मंग पोट्टे पेनड्राइव्ह घेऊन येऊ लागले. तवापासून दुसराच रोग सुरू झाला. हे नवे 'रीपॅक' म्हनतात, म्हंजे गेम दाबून लहान केलेली चोरीची प्रत, त्यात कापाकापी कमी, पन सोबत काय काय येते ते पाहा. गेमच्या फोल्डरात एक चिठ्ठी असते, त्यात लिहून रायते का अँटिव्हायरस बंद करा. पोट्टं बंद करते. मंग महिन्या-दोन महिन्यांनं कम्प्युटर घेऊन येते का भाऊ, पंखा थांबतच नाई, काई न चालवताबी गरम होऊन रायला. पाहाले गेलं तं आतमधी मायनर बसलेला, म्हंजे दुसऱ्याच्या कम्प्युटरवर डिजिटल चलन काढनारा प्रोग्राम. त्याच्या बापाच्या विजेच्या बिलावर कोनीतरी तिकडे पैसे छापून रायलं.

हे मी मनानं नाई सांगत. अवास्ट कंपनीनं जून 2021 मधी क्रॅकोनॉश नावाच्या व्हायरसचा अहवाल काढला होता. क्रॅक केलेल्या, म्हंजे कुलूप तोडलेल्या गेममधूनच पसरला, दोन लाख बावीस हजारावर कम्प्युटरमधी घुसला, अन् मोनेरो नावाचं चलन काढून वीस लाख डॉलरच्या वर कमावले. तो विंडोजले सेफ मोडमधी चालू करून पयले अँटिव्हायरसच उडवत होता.

म्हनून सांगतो, जो गेम दुकानातून उठला त्याच्यात हा धोका जास्त. पोट्ट्याले सरळ रस्ता नाई म्हटल्यावर ते कोनत्याबी साइटवर जाऊन जे भेटन ते उतरवते.

खारपाण, शेगाव तालुका

माझ्याकडे व्हिडिओ असलेली प्रत होती, पण संवाद रशियन. तरीही एक जागा अशी कळली की अजून विसरलो नाही. तो रिग्ज नावाचा सीआयएचा माणूस. वॉकरला सोबत घेऊन शहरातले पाण्याचे टँकर पळवतो आणि शेवटी मुद्दाम उलथवून टाकतो. शहरातलं उरलंसुरलं पाणी वाळूत जातं.

आमच्याकडे विहिरीचं पाणी खारं. एप्रिल-मे म्हणजे टँकरची वाट. माझ्यासोबत खेळ बघत बसलेला माझा चुलतभाऊ तेव्हा लहान होता. अख्खा गेम तो गप्प बसून बघत होता. टँकर उलटला तेव्हा उठून उभा राहिला आणि म्हणाला, 'दादा, हे काऊन केलं बे त्यानं?' मला उत्तर देता आलं नाही, कारण मला रशियन येत नव्हतं.

पऱ्हाटी भाऊ, खरंच, का केलं त्याने?

पऱ्हाटी

@खारपाण, रिग्जचं म्हणणं असं की दुबईत अमेरिकन पलटणीने जे केलं ते बाहेर कळलं तर सगळा प्रदेश अमेरिकेवर उलटेल, युद्ध होईल. म्हणून शहरातलं कोणीच जिवंत राहू नये. पाणी संपवलं की गोळी न झाडता सगळे मरतील आणि साक्षीदारच उरणार नाही. वॉकरला हे कळतं तोवर टँकर गेलेले असतात. रिग्ज ट्रकखाली अडकतो, आग जवळ येते, आणि तो वॉकरला गोळी घालायला विनवतो. घालायची की तसंच जळू द्यायचं हे खेळणाऱ्याच्या हातात आहे.

तुमच्या भावाने जो प्रश्न विचारला तोच लेखकाला खेळणाऱ्याकडून हवा होता. भाषेवाचून तो अर्धाच राहिला याचं मला फार वाईट वाटतं.

तिसरी_पाळी, मूळ आर्वी, सध्या पुणे

मी गेम बनवण्याच्या धंद्यात आहे. पात्रांचे कपडे, चेहरे, धूळ, रक्त हे आमचं काम. म्हणून दोन गोष्टी बोलतोच.

पहिली. पऱ्हाटी दादा, तुम्ही आवाजाचं आणि व्हिडिओचं लिहिलंत ते शंभर टक्के खरं, पण या गेमची कारागिरी त्याहूनही बारीक आहे. सुरुवातीला वॉकर साथीदारांना हुकूम देतो ते शिस्तीत, कवायतीच्या भाषेत. मधल्या प्रकरणांत तोच माणूस ओरडायला लागतो, शेवटाकडे शिव्या देत किंचाळतो. शत्रूला जवळून संपवण्याची पद्धतही हळूहळू क्रूर होत जाते. चेहरा भाजतो, कपडे फाटतात. लोडिंगच्या पडद्यावर आधी गेम कसा खेळावा याच्या साध्या सूचना येतात, नंतर त्याच जागी थेट तुम्हाला प्रश्न यायला लागतात, की तू हे का करतो आहेस. आवाजाच्या फाइली दाबल्या किंवा दुसऱ्या भाषेच्या घातल्या की ही सगळी चढण सपाट होते. वॉकरचा आवाज नोलन नॉर्थचा आहे. तो तोवर हसतमुख साहसवीरांच्या भूमिकांसाठी ओळखला जायचा. त्यालाच इथे घेतला, त्यामुळे ज्यांनी आधी त्याला ऐकलं होतं त्यांना ही घसरण जास्त बोचते.

दुसरी गोष्ट तुम्हाला आवडणार नाही. हा गेम चालला नाही. टेक-टूने, म्हणजे टूकेच्या मालक कंपनीने, त्याच वर्षी सांगितलं होतं की विक्री अपेक्षेपेक्षा कमी झाली. असा गेम पडला की पुढच्या बैठकीत कोणी तरी म्हणतं, 'बघा, लोकांना असलं नको असतं.' मग पुढची दहा वर्षं असलं काही करायला पैसे मिळत नाहीत. चोरीच्या प्रतीने किती नुकसान झालं याचा हिशोब कोणाकडेच नाही आणि मी तो मांडणारही नाही. पण ज्या खेळावर आपलं एवढं प्रेम आहे त्याच्या खात्यात आपल्याकडून एक रुपयाही गेला नाही, हे मला सलतं.

पऱ्हाटी

@तिसरी_पाळी, तुमचा सल खरा आहे आणि तो मी बाजूला सारत नाही. पण 2012 साली वणीत बसलेल्या पोराने पैसे द्यायचे कसे, हेही बघा. स्टीमवर रुपयात किंमत दिसायला लागली ती नोव्हेंबर 2015 पासून. त्याआधी डॉलर, आणि डॉलरला चालणारं कार्ड. आमच्या घरात कार्ड होतं ते एटीएममधून पैसे काढायचं. खोका मिळायचा तो नागपूरला सीताबर्डीवर, तोही शोधला तर. आणि खोका घेतला तरी आतली डीव्हीडी स्टीमच्या खात्याला जोडावी लागायची, म्हणजे पुन्हा नेट आलंच.

आज आमच्या गावातला दहावीचा पोरगा फोनवरून यूपीआयने गेम विकत घेतो. ऐपत आली, सोय आली, सवयही लागायला लागली. आणि नेमका हाच गेम दुकानातून उठला. आता तो पैसे कोणाला देणार?

तिसरी_पाळी

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. कोणाकडे स्टीमच्या खात्यात गेम उघडणारे न वापरलेले जुने कोड शिल्लक असतील तर ते अजून चालतात, पण त्यांच्या किमती आता संग्रहाच्या वस्तूसारख्या झाल्यात. प्लेस्टेशन 3 किंवा एक्सबॉक्स 360 हे टीव्हीला जोडायचं गेमचं जुनं यंत्र असेल तर जुनी डिस्क शोधा, ती चालते. बस, एवढंच.

कायदा_आणि_कापूस, अकोला

मी वकिली करतो. या धाग्यावर दोघे-तिघे गोंधळलेले दिसतात म्हणून स्पष्ट लिहितो.

विक्री बंद झाली म्हणजे हक्क संपला असं नाही. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात साठ वर्षांची मुदत आहे आणि ती कंपनीने दुकान बंद केल्याने कमी होत नाही. कलम 63 ख नुसार चोरीची प्रत आहे हे ठाऊक असताना संगणकावर प्रोग्राम वापरला तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. मात्र त्याच कलमात पुढे असंही आहे की वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद न देता पन्नास हजारांपर्यंत दंडावर सोडू शकतं. 2012 च्या दुरुस्तीने कलम 65 क आलं. नक्कल रोखणारं डिजिटल कुलूप तोडून हक्कभंग करणाऱ्याला त्यात दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हक्काने घेतलेल्या प्रतीची जपणुकीसाठी एक नक्कल ठेवायला मात्र कलम 52 मुभा देतं. ती मुभा तुमच्या स्वतःच्या प्रतीपुरती. गावाला वाटायला नाही.

आता मन कुठे आहे तेही सांगतो. पुस्तकाचं बघा. 1954 च्या कायद्याप्रमाणे भारतात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जमा करावी लागते. प्रकाशक बुडाला, आवृत्ती संपली, तरी एक प्रत कुठेतरी उरते. गेमला असं काहीच नाही, ना इथे बनलेल्याला, ना बाहेरून आलेल्याला. अमेरिकेत एका व्हिडिओ गेम इतिहास संस्थेने 2023 मध्ये अभ्यास केला, तर 2010 च्या आधी तिथे निघालेल्या जुन्या गेमपैकी 87 टक्के आज बाजारात मिळत नाहीत असं निघालं. त्याच लोकांनी मागणी केली की ग्रंथालयांनी असे बंद पडलेले गेम अभ्यासकांना दूरून उघडून दाखवावेत. ऑक्टोबर 2024 मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ती नाकारली.

म्हणजे कायदा सांगतो की चोरी करू नका, आणि रीतसर बघायची सोय कोणी करत नाही. माझ्या मते लढायची जागा ती आहे. कंपनीने विक्री थांबवली की ठराविक काळात एखाद्या सार्वजनिक संस्थेकडे पूर्ण प्रत गेलीच पाहिजे, असा नियम हवा. युरोपात नागरिकांच्या सह्यांची जी मोहीम झाली ती सर्व्हर बंद पडून मरणाऱ्या गेमसाठी होती. जुलै 2025 मध्ये तिने दहा लाख सह्या ओलांडल्या. विषय थोडा वेगळा, पण दिशा तीच.

रानमेवा, साकोली

मी शाळेत विज्ञान शिकवते. मला गेमचं काही कळत नाही, पण मुलगा हा धागा वाचत होता म्हणून वाचला आणि पांढऱ्या फॉस्फरसपाशी थांबले.

पांढरा फॉस्फरस पाण्याखाली ठेवावा लागतो, हे आम्ही मुलांना शिकवतो. हवेत साधारण 30 अंशाला तो स्वतःहून पेट घेतो. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतसुद्धा 45 च्या वर असतं, म्हणजे विचार करा. कातडीला चिकटला की हवा मिळेल तोवर जळत राहतो, आत शिरतो. आपण एका ओळीत सांगतो, मुलं परीक्षेत एका ओळीत लिहितात, एक गुण मिळतो.

1980 च्या एका आंतरराष्ट्रीय कराराने नागरी वस्तीत आग लावणाऱ्या शस्त्रांवर बंधनं घातली. पण मुख्य काम धूर करणं किंवा उजेड पाडणं असलेली शस्त्रं त्या व्याख्येतून सुटतात, आणि याच फटीतून वाद होतात. 2004 मध्ये इराकमधल्या फालुजात अमेरिकेच्या सैन्याने ते वापरलं आणि पुढच्या वर्षी कबूलही केलं. म्हणजे गेमवाल्यांनी मनाने रचलेली गोष्ट नाही ही.

माझा प्रश्न सरळ आहे. माझा मुलगा नववीत आहे. त्याने हे बघावं का?

बुलढाणी, चिखली

माझा मोठा भाऊ निमलष्करी दलात आहे. गेल्या दिवाळीत सुट्टीवर आला तेव्हा माझ्या लॅपटॉपवर हा गेम दिसला, माझ्या स्टीम खात्यात आहे, 2020 च्या सेलमध्ये घेतलेला. तो म्हणाला दाखव. मी सुरू करून दिला.

तो फार कमी बोलतो. पहिल्या प्रकरणाच्या शेवटीच त्याने विचारलं, 'याला आदेश काय होता?' मी म्हटलं, बघायचं आणि परत जाऊन कळवायचं. तो म्हणाला, 'मग हा परत का नाही गेला?' मी म्हटलं गेमच तसा आहे, पुढे जावं लागतं. तो म्हणाला, 'गेमला जावं लागत असेल. याला जावं लागत नव्हतं.'

मग पुढे लुगोला जमाव फासावर लटकवतो ती जागा आली. मी आधी खेळलो होतो तेव्हा जमावावर गोळी चालवली होती, कारण पडद्यावर समोर गर्दी आणि हातात बंदूक, दुसरं काय करणार? अ‍ॅडम्स गोळीबाराची परवानगी मागत असतो. लोक दगड मारत जवळ येत असतात. भावाने बंदुकीची नळी वर केली आणि हवेत झाडली. जमाव पळाला. गेमने हे कुठे सांगितलेलं नाही, पडद्यावर तशी सूचना येत नाही. मी त्याला विचारलं, तुला कसं माहीत? तो म्हणाला, 'पहिले हेच करतात.'

नंतर त्याने लॅपटॉप बंद केला आणि शेतात गेला. परत खेळला नाही, मीही आग्रह केला नाही. पण तेव्हापासून मला पऱ्हाटी दादांसारखंच वाटतं की कापलेला गेम वाटणं हे फसवणुकीसारखं आहे. ज्याला हवेत गोळी झाडता येते हे कळायचं आहे, त्याला आधी लुगो कोण होता हे कळलं पाहिजे. त्याचे विनोद, त्याचं स्थानिक लोकांच्या भाषेत बोलणं, त्याची कुरबुर. ते सगळं त्या 'अनावश्यक' फाइलींमध्ये असतं.

नाचणगाव_रस्ता, पुलगाव

30-31 मे 2016 च्या रात्री इथल्या दारूगोळ्याच्या डेपोत स्फोट झाले ते ज्यांनी ऐकले त्यांना मी काय सांगणार. आजूबाजूची गावं रात्रीच रिकामी केली होती. आम्ही अंगावरच्या कपड्यांनी निघालो, म्हातारी आजी बैलगाडीत. गेलेले जवान आणि अग्निशमनवाले आमच्याच भागात राहणारे होते.

त्याआधी हा गेम मी कापलेल्या डीव्हीडीवर खेळलो होतो आणि मला तो आवडला होता. नंतर पूर्ण प्रत बघितली एका मित्राच्या घरी. फॉस्फरसनंतरची ती चाल मी पूर्ण करू शकलो नाही. मित्राला म्हटलं, तू चालव.

दोन्ही वेळा मीच होतो, गेम मात्र एक नव्हता. पऱ्हाटी भाऊंचं म्हणणं मला पटतं ते यासाठी.

पऱ्हाटी

@नाचणगाव_रस्ता, लिहिलंत त्याबद्दल आभार. यावर मी जास्त काही बोलत नाही.

आता माझी मूळ इच्छा सांगतो, धागा काढला तोही त्यासाठीच. या गेमचे सगळे संवाद मी मराठीत उतरवतोय. माझ्याकडे विकत घेतलेली पूर्ण प्रत आहे. एकेक प्रकरण खेळायचं, थांबवायचं, वहीत लिहायचं. सहाव्या प्रकरणापर्यंत आलोय. लुगोचं बोलणं मी नागपुरी वळणाचं केलंय, अ‍ॅडम्सचं साधं, वॉकरचं सुरुवातीला पुस्तकी आणि पुढे तुटत जाणारं. कॉनराडच्या आवाजापाशी अडलोय. तो शांत, सुसंस्कृत, जवळजवळ वडीलधारा बोलतो, आणि तसं बोलूनच माणसाला सोलतो. त्याला 'तू' म्हणायला लावू की 'कॅप्टन, तुम्ही'? मला 'तुम्ही' बरं वाटतंय. आदराने बोलणारा माणूस जास्त भीतीदायक होतो.

हे सबटायटल म्हणून वाटता येईल का? @कायदा_आणि_कापूस, खरं ते सांगा.

कायदा_आणि_कापूस

खरं सांगायचं तर नाही. भाषांतराचा हक्कही कलम 14 प्रमाणे हक्कधारकाचाच. संवादांचं संपूर्ण भाषांतर परवानगीशिवाय लोकांत वाटणं हक्कभंग ठरू शकतो, पैसे घेतले नाहीत तरी. स्वतःच्या अभ्यासासाठी वहीत ठेवायला कोणी अडवणार नाही, खाजगी वापराची आणि अभ्यासाची सवलत आहेच. आणि समीक्षा म्हणून तुम्ही मोठा लेख लिहिलात, त्यात गरजेपुरते संवाद मराठीत दिलेत, तर त्यालाही कायद्यात जागा आहे. तुमच्या जागी मी कंपनीला एक ईमेल टाकला असता, परवानगी मागणारा. उत्तर येईल न येईल, मागितल्याची नोंद राहते.

'तुम्ही' ठेवा. माझं मत विचारलं नाहीत, पण ठेवा.

संगणकवाला

भाऊ, ईमेल मीबी टाकतो. कापलेल्या डीव्हीड्या ज्यानं विकल्या त्यानं पूर्न गेमसाठी एक ईमेल टाकाले काय हरकत हाये?

अन् कोनी जुना पीसी घेऊन आलं, का भाऊ याच्यात हा गेम चालते का, तं चालते. दोन जीबी रॅम अन् त्या काळातलं साधं ग्राफिक्स कार्ड पुरते. फक्त विकत घेतलेला घेऊन या, मी फुकट बसवून देतो.

खारपाण

पऱ्हाटी दादा, रिग्जच्या प्रकरणाचं मराठी झालं की मला वाचायला द्याल का? वाटायला नाही, फक्त वाचायला. चुलतभाऊ आता बारावीला आहे. टँकरचं त्याला अजून आठवतं.

पऱ्हाटी

@खारपाण, दहाव्या प्रकरणापर्यंत पोहोचलो की तुम्हीच दोघं वणीला या. वहीही इथे आहे, पूर्ण गेमही. समोर बसून खेळू, मी मराठीत वाचत जातो.

@कायदा_आणि_कापूस, ईमेलचा मसुदा आज रात्री इथेच टाकतो, इंग्रजी तपासून द्या. लेखाचंही मनावर घेतलं. सोळा-सतरा ओळींपेक्षा जास्त संवाद देणार नाही.

@रानमेवा ताई, तुमच्या प्रश्नाला उशीर झाला. युरोपात या गेमला 18 वर्षांची मर्यादा आहे, अमेरिकेत 17. मी स्वतः नववीतल्या मुलाला हा खेळायला देणार नाही. त्यात लटकवलेली माणसं आहेत, जळालेलं लेकरू आहे, आणि हे सगळं खेळणाऱ्याच्याच हातून होतं, बघ्यासारखं दूर राहता येत नाही. पण तुमच्या मुलाने हा धागा वाचला आहे, म्हणजे त्याच्या मनात प्रश्न आलेच असतील. ते तुमच्यापाशी विचारू द्या. आणि त्याच्या पेनड्राइव्हमध्ये कोणी हा गेम टाकून दिला असेल तर एकदा बघून घ्या. कापलेला असला तर तो खेळल्यावर त्याच्या मनात प्रश्नच येणार नाहीत, आणि मला जास्त काळजी त्याची आहे.

रानमेवा

बघितलं. पेनड्राइव्हमध्ये होता. काढून टाकला. त्याच्याशी बोलले, त्याने स्वतःच विचारलं की आई, त्या धुरानंतर काय होतं? तुम्ही वर लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं. अठरा झाल्यावर वणीला घेऊन येईन म्हटलंय, चालेल ना?

पऱ्हाटी

चालेल ताई. वही जपून ठेवतो.